बाहुलीच्या पोटातली पोकळी

गोल सांध्यांची बाहुली स्वतः घडवायचीय? मग नाकडोळे नंतर, आधी पोकळी बघा. आमच्या अंबडपासून पैठण जवळच. तिथे आणि तेरला सातवाहन काळात पांढऱ्या मातीच्या बाहुल्या दोन साच्यांत दाबून, अर्धे भाग जोडून बनायच्या. आतून पोकळ! तेरच्या लामतुरे संग्रहालयात अशा मूर्ती आहेत. पण हातपाय अंगालाच चिकटलेले. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या हलतात, पण दोरी सैल सोडली की कोसळतात. जपानी 'सुपर डॉल्फी' १९९९ ची. तिचं इलास्टिक पोकळ अंगातूनच जातं, ताणाने गोळा खोबणीत घट्ट बसतो आणि बाई स्वतःच्या पायावर उभी! म्हणून माती नळीभोवती थापा, आणि कोपर वाकलं तरी इलास्टिक सरकेल अशी खाच गोळ्याला ठेवा.