आधी खरारा, मग स्वारी

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ‘तुझ्या क्षेत्राबद्दल लिही’ असं सुचवलं होतं. पण सॉफ्टवेअरबद्दल आपल्या बॅचमधले निम्मे जण माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. म्हणून मी इतिहासाचा तास घ्यायचं ठरवलं. विषय आहे मुलांच्या उन्हाळी घोडा-शिबिरांचा. आपल्या इतिहासाच्या बाई सनावळ्या पाठ करून घ्यायच्याच, पण ‘राजाने किल्ला बांधला’ असं उत्तर लिहिलं की समासात लाल शाईने विचारायच्या, ‘दगड कोणी वाहिले?’ तोच प्रश्न मी घोड्याला लावून पाहिला, आणि त्यातून हा लेख झाला.

ही शिबिरं काय असतात ते आधी सांगते. मी अमेरिकेत जिथे राहते तिथे जूनमध्ये शाळांना सुट्टी लागली की आसपासचे घोड्यांचे तबेले आठवड्या-दोन आठवड्यांची शिबिरं भरवतात. माझी मुलगी दहा वर्षांची असताना पहिल्यांदा गेली. पहिल्या दिवशी ती घोडीवर जेमतेम पाऊण तास बसली. उरलेला दिवस लीद उचलणं, थाणातला ओला भुसा बदलणं, पाण्याच्या बादल्या घासून भरणं, खरारा करणं, आकड्याने खुरांतली माती काढणं आणि शेवटी खोगीर-लगाम पुसून जागच्या जागी टांगणं यात गेला. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी ही जायला कुरकुर करणार. तसं झालं नाही. शनिवारी रात्री मात्र तिने जेवता जेवता विचारलं, “आई, रविवारी तिला पाणी कोण देतं?”

या कामांचा क्रम उगाच लावलेला नसतो. घोडा दिवसाला साधारण २५ ते ४५ लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. त्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, म्हणून त्याला थोडं थोडं आणि दिवसभर खावं लागतं. त्याला उलटी करता येत नाही. वेळ चुकली, एकदम जास्त दाणा पोटात गेला किंवा पाणी कमी पडलं तर पोटशूळ उठतो आणि त्यात तो दगावूही शकतो. पाठीवर चिकटलेलं एखादं कुसळ खोगिराखाली राहिलं तर जखम होते. खुरात अडकलेला खडा वेळीच काढला नाही तर घोडा लंगडतो. आमच्या संगणकात चूक झाली तर बहुतेक वेळा एक पाऊल मागे जाता येतं. घोड्याच्या बाबतीत ती सोय नाही, आणि दहा वर्षांच्या मुलालाही हे न सांगता कळतं.

आता बाईंचा प्रश्न. हे सगळं काम इतिहासात करत कोण होतं?

घोडेस्वारीवरचं पूर्ण स्वरूपात टिकलेलं सर्वांत जुनं ग्रीक पुस्तक झेनोफॉनचं, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं. ते त्याने आपल्या तरुण मित्रांसाठी लिहिलं. घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये, हा त्यातला उपदेश आजही शिबिरात पहिल्या दिवशी सांगतात. पण त्याच पुस्तकात कामाची वाटणीही स्पष्ट आहे. घोडा धुणं-पुसणं, त्याला बांधणं-सोडणं हे मोतद्दाराचं काम. मालकाने मोतद्दाराला शिकवून तयार करावं आणि घोडा आपल्या नजरेसमोर राहील अशा ठिकाणी तबेला बांधावा. थोडक्यात, स्वार वेगळा आणि सेवा करणारा वेगळा.

आपल्याकडेही तसंच होतं, पण आपल्याकडे त्याची नोंद जास्त बारकाईने झाली आहे. शिलेदार आणि बारगीर हा फरक आपण सातवीत की आठवीत पाठ केला होता. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पखालजी म्हणजे पखालीतून पाणी आणणारा. परीक्षेत हवालदार आणि जुमलेदार विचारले जायचे, पखालजी कोणी विचारला नाही. पण पंचवीस घोड्यांना दिवसाला २५ लिटर धरलं तरी सव्वासहाशे लिटर पाणी होतं. मोहिमेवर, डोंगराळ मुलखात ते रोज आणून देणारा माणूस नसता, तर हवालदाराने हुकूम कुणाच्या जोरावर सोडले असते?

महाराजांनी चिपळूणजवळच्या पागेच्या छावणीला लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. ते राज्याभिषेकाच्या आसपासच्या वर्षांतलं, पावसाळ्याच्या तोंडावरचं. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, या आज्ञेसाठी आपण ते वाचतो. पण त्याचा मोठा भाग दाण्या-वैरणीबद्दल आहे, हे मला मोठेपणी वाचताना लक्षात आलं. मोठ्या कष्टाने जमवलेला दाणा आणि गवत आत्ताच बेहिशेब उधळाल, तर भर पावसात काही मिळणार नाही. घोडी उपाशी पडून मरू लागतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असं ते बजावतात. गवताच्या गंजीजवळ चुली पेटवू नका, रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंत तपशील आहे. हे पत्र जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना उद्देशून आहे. घोड्याच्या मरणाचा जाब मोतद्दारावर ढकलून मोकळं होण्याची वाट महाराजांनी अधिकाऱ्यांना ठेवली नाही. जबाबदारी म्हणजे काय, हे समजावणारं यापेक्षा रोखठोक काही मी तरी वाचलेलं नाही.

काम मात्र पुढेही वाटलेलंच राहिलं. युरोपात तर ती वाटणी वर्गाची खूण झाली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. तेव्हा ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा, फक्त सैन्यातल्या अधिकाऱ्यांसाठी होती. स्वीडनच्या संघाने सुवर्णपदक जिंकलं. पुढे त्यांच्यातला एक स्वार, गेनाल पेर्सोन, खरा अधिकारी नसून सार्जंट आहे असं निघालं आणि १९४९ मध्ये पदक काढून घेतलं गेलं. घोडा तोच होता, चालीही त्याच होत्या, फक्त खांद्यावरची पट्टी वेगळी. १९५२ मध्ये नियम बदलला आणि त्याच तिघांनी पुन्हा सुवर्ण मिळवलं.

मग स्वारी आणि सेवा एकाच हातात आली कशी? त्यासाठी आधी घोड्याची नोकरी जावी लागली.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश सैन्याकडे सुमारे २५ हजार घोडे होते. १९१७ पर्यंत घोडे आणि खेचरं मिळून ही संख्या आठ लाखांच्या वर गेली. युद्ध संपल्यावर त्यांतले फार थोडे घरी परतले. अनेक होते तिथेच विकले गेले, काही थेट खाटकांना. १९२८ मध्ये ब्रिटनच्या दोन नामांकित घोडदळ पलटणींनी घोडे सोडून चिलखती मोटारी घेतल्या. रस्त्यावर लॉरी आणि शेतात ट्रॅक्टर येत होतेच. घोड्याची विद्या जाणणारी माणसं उरली, पण ती शिकायचं कुणाला कारण उरलं नाही. नेमक्या त्याच सुमारास, १९२९ मध्ये, इंग्लंडमध्ये मुलांसाठी ‘पोनी क्लब’ सुरू झाला.

सुरुवातीला यात शिकारीचा शौक असलेल्या सधन घरांतलीच मुलं जास्त होती, आणि शाखाही शिकारीच्या मुलखांप्रमाणे पाडलेल्या होत्या. तरी क्लबने एक महत्त्वाची गोष्ट केली. डी पासून ए पर्यंत परीक्षांच्या पायऱ्या आखल्या आणि त्यांत स्वारीबरोबर घोड्याची देखभालही घातली. रिंगणात कितीही डौलाने बसलात, तरी खूर कसा तपासायचा आणि आजारी घोडा कसा ओळखायचा हे सांगता आलं नाही तर वरची पायरी नाही. दर उन्हाळ्यातलं शिबिर हा शाखेचा वर्षाचा मोठा कार्यक्रम ठरला. मुलांनी आपापले तट्टू आणायचे, स्वतः सांभाळायचे, आणि सकाळी खोगिराच्या पट्ट्यांपर्यंत तपासणीला उभं राहायचं. पद्धत सरळ घोडदळातून उचललेली. फरक इतकाच की इथे मोतद्दार नव्हता, ते कामही स्वारानेच करायचं होतं.

अमेरिकेत या प्रवाहाला आणखी दोन प्रवाह मिळाले. एक उन्हाळी शिबिरांचा. कनेटिकटमधल्या फ्रेडरिक गन या शिक्षकाने १८६१ मध्ये आपल्या शाळेतल्या मुलांना पायी नेऊन तळ ठोकला, तिथून तिकडच्या शिबिरांचा इतिहास सांगतात. दुसरा शेतकऱ्यांच्या मुलांच्या ‘फोर-एच’ मंडळांचा. ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीची चळवळ १९१४ च्या कायद्याने सरकारी कृषी विस्तार कामाशी जोडली गेली. त्यात मूल एखादं जनावर वाढवतं आणि त्याच्या चाऱ्याची, औषधाची, खर्चाची वही ठेवतं. १९२० च्या सुमारास अमेरिकेतल्या शेतांवर घोडे आणि खेचरं मिळून अडीच कोटींच्या घरात होती. १९६० पर्यंत ती तीस लाखांच्या आसपास आली. नांगराचा घोडा गेला आणि मुलांचा घोडा उरला. अमेरिकेतले पोनी क्लब १९५४ चे, म्हणजे याच उताराच्या काळातले.

या बदलाचा सर्वांत मोठा फायदा मुलींना झाला. हजारो वर्षं ही विद्या लष्कराची, म्हणून पुरुषांची होती. ती तबेल्याच्या दारातून सुरू झाल्यावर मुलींना अडवायला कारण राहिलं नाही. ज्या १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये सार्जंटला मान्यता मिळाली, त्याच वेळी ड्रेसाजमध्ये स्त्रियांनाही प्रवेश मिळाला. डेन्मार्कच्या लिस हार्टेलने रौप्यपदक जिंकलं. पोलिओमुळे तिचे पाय गुडघ्याखाली लुळे होते आणि तिला घोड्यावर चढवायला-उतरवायला मदत लागे. आज माझ्या मुलीच्या शिबिरात मुलगे शोधावे लागतात.

आपल्याकडे ही विद्या लष्करी शिस्तीतच राहिली. नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलसारख्या, १९३७ पासूनच्या, शाळांत घोडेस्वारी शिकवली गेली. एनसीसीत घोड्यांची पथकं आहेत. आता शहरांजवळ सुट्टीतले वर्गही निघाले आहेत. मागच्या मे महिन्यात भाच्याला अशा एका वर्गाला सोडायला गेले होते. घोडा खोगीर चढवून तयार होता. मुलं स्टुलावरून चढली, अर्धा तास रिंगणात फिरली, फोटो झाले आणि लगाम मोतद्दाराच्या हाती देऊन मुलं गाडीत बसली. शिकवणारे गृहस्थ चांगले होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “ताई, मुलांना लीद उचलायला लावली तर पालक फी परत मागतात.” म्हणतात ना, इथंच घोडं पेंड खातं. झेनोफॉनची वाटणी आपल्याकडे अजून जशीच्या तशी आहे. तिला आपल्या समाजात जातीचीही जोड आहे, हे वेगळं सांगायला नको.

आपली माथेरानची सहल आठवते? मोटारींना बंदी, म्हणून स्टेशनच्या बाजारापासून घोडे. आपल्यातले काही जण वर बसले होते आणि लगाम धरून धावणारा मुलगा आपल्याच वयाचा होता. उतारावर मागे रेला, चढावर पुढे झुका, हे तो ओरडून सांगत होता. तापलेल्या घोड्याला त्याने आधी हिंडवून गार केलं, मग पाणी पाजलं. पोनी क्लबच्या परीक्षेतली कितीतरी उत्तरं त्याला तोंडपाठ होती. त्याची जबाबदारी सुट्टीपुरती नव्हती आणि त्याला कुणी प्रशस्तिपत्रकही देणार नव्हतं. मुलांना जबाबदारी शिकवणारं शिबिर, असं आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा पैसे भरून शिकणारं मूल आणि पोटासाठी शिकलेलं मूल, दोन्ही डोळ्यांसमोर असावीत.

या इतिहासातून मला एक साधी गोष्ट समजली. मुलाला जबाबदार बनवतं ते घोड्यावर बसणं नव्हे. घोडा तर कित्येक बेजबाबदार माणसांनीही दौडवला आहे. मुलाला घडवतं ते त्या जिवाचं खाणं, पाणी आणि घाण यांच्याशी रोज पडणारी गाठ, आणि ‘हे दुसरं कोणीतरी करेल’ असं म्हणायची सोय नसणं.

आपल्यापैकी कित्येकांची मुलं आता शिबिरांच्या वयाची आहेत, आणि काही जण स्वतः शिक्षक किंवा शाळा चालवणारे झाले आहेत. शिबिराची चौकशी कराल तेव्हा घोडे किती आणि कोणत्या जातीचे, हे जरूर विचारा. पण त्याआधी, दिवसातले किती तास मूल तबेल्यात असेल ते विचारा. तिथल्या मोतद्दाराला मुलांचा शिक्षक म्हणून उभं करता का, तेही विचारा. खरारा कसा करायचा हे त्याच्याइतकं चांगलं कोणीच शिकवणार नाही. मुलांनी त्याला ‘सर’ म्हणायला मात्र आधी आपणच सांगावं लागेल.