तिरकी वीण, कोवळा बांबू आणि वनकायदा

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागात, पैनगंगेच्या काठी आणि आदिलाबादच्या सीमेला लागून असलेला झरी जामणी तालुका कापूस, साग आणि अलीकडे मुकुटबन परिसरातील कोळसा व सिमेंट यांसाठी ओळखला जातो. मात्र याच तालुक्यातील कोलामांच्या पोडांवर, म्हणजे मुख्य गावापासून थोडे अंतर राखून वसलेल्या त्यांच्या लहान वस्त्यांवर, टोपली, सूप आणि तट्टा विणण्याची जी कला पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात गेली, तिचा इतिहास सलगपणे मांडण्याचा प्रयत्न क्वचितच झाला आहे. याचे एक कारण उघड आहे. बांबूची वस्तू कुजते, तिला वाळवी लागते, आणि मोडली की ती चुलीत जाते, त्यामुळे मातीच्या खापरासारखा पुरावा ती मागे ठेवत नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात सापडलेल्या ताम्रपाषाणयुगीन घरांतील वर्तुळाकार मातीचे ओटे धान्याच्या विणलेल्या कणग्या ठेवण्यासाठी असावेत असा अर्थ संशोधकांनी लावला, तोही ओट्यांवरून. कणगी स्वतः त्यांच्या हाती लागली नाही.

कोलामांविषयीची जुनी लिखित माहिती प्रामुख्याने वसाहतकालीन आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या टिपणांत, जी त्यांच्या मृत्यूनंतर 1866 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली, कोलामांचा उल्लेख येतो. भीमसेन हा त्यांचा मुख्य देव असल्याचे हिस्लॉप सांगतात. पुढे 1916 मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवर लिहिलेल्या ग्रंथात कोलामांची एकूण संख्या सुमारे 25,000 दिली असून त्यांपैकी सुमारे 23,000 लोक एकट्या वणी भागात राहतात असे नोंदवले आहे. आजची झरी जामणी याच वणी-केळापूर पट्ट्यात येते, आणि यवतमाळ जिल्हाही 1905 पर्यंत वणी याच नावाने ओळखला जात असे. या लेखकांचे लक्ष कुळे, विवाहविधी आणि देवदेवता यांच्याकडे अधिक होते. हाताने काय घडते याकडे त्यांनी तेवढ्याच बारकाईने पाहिले असते तर आज फार उपयोग झाला असता. विणीचा इतिहास त्यामुळे दोन ठिकाणी शोधावा लागतो: एक, विणीच्या स्वतःच्या रचनेत, आणि दुसरे, बांबूवर कोणाचा अधिकार चालला याच्या कागदपत्रांत.

विणीची रचना आधी पाहावी. टोपलीत दोन प्रकारचे घटक असतात: उभ्या राहणाऱ्या, थोड्या जाड पट्ट्या म्हणजे कामट्या, आणि त्यांच्यामधून आडव्या फिरणाऱ्या पातळ, लवचीक पट्ट्या म्हणजे बेळ. सर्वांत साधी वीण एक कामटी वर, एक खाली अशी असते. शिकणाऱ्याच्या हाती प्रथम हीच येते, आणि ती दिसायला सपाट असते. तिच्यानंतरची पायरी दोन वर, दोन खाली अशी आहे. प्रत्येक नव्या ओळीत सुरुवात एका कामटीने पुढे सरकवली की टोपलीच्या अंगावर तिरक्या, किंचित उंचावलेल्या रेषा उमटतात; हीच तिरकी वीण, आणि सूप किंवा तट्टा यांसारख्या सपाट वस्तूंतही तिचा उपयोग होतो, कारण तिच्यात पट्ट्या अधिक दाटीने बसतात आणि बारीक धान्य गळत नाही.

गोल टोपलीत मात्र या विणीचा सगळा भार मोजणीवर येतो. कामट्यांची संख्या चारने निःशेष भागली, समजा 24 असली, तर दोन वर-दोन खाली असा फिरणारा बेळ दुसऱ्या फेरीत त्याच कामट्यांवरून त्याच रीतीने जातो, एकही ओळ दुसरीला अडवत नाही आणि भिंत सुटी पडते. संख्या 25 असली तर प्रत्येक फेरीत वीण आपोआप एका कामटीने सरकते आणि तिरकी रेषा कोणतेही वेगळे लक्ष न देता टोपलीभर वर चढत जाते. संख्या 23 असली तर तीच रेषा उलट दिशेने चढते. साधी वीणही एकाच बेळाने विणायची असल्यास विषम संख्या लागते. म्हणून तळ बांधतानाच, भिंतीची पहिली ओळ सुरू होण्यापूर्वी, टोपलीचा पोत ठरून गेलेला असतो. जो शिकणारा तळाशी एक कामटी जास्त किंवा कमी ठेवण्याचे कारण समजून घेतो, त्याला पुढची वीण जवळजवळ फुकट मिळते. लोकरीच्या दोन सुयांवर सुलट आणि उलट टाक्यांचे चौकोन आलटून-पालटून विणून टोपलीसारखा उंचसखल पोत आणण्याची जी रीत जगभरच्या विणणाऱ्यांना ठाऊक आहे, तिच्यात टोपलीचे केवळ रूप येते, कारण तेथे एकच धागा फासांमधून फासे ओढतो. बांबूत मात्र वर-खाली जाणे खरोखर घडते आणि वस्तूची ताकदही त्यातूनच येते.

ही मोजणी कोणीही शिकू शकतो. पट्टी काढणे हे त्याहून कठीण. विदर्भातील कोरड्या जंगलात प्रामुख्याने मिळणारा मानवेल जातीचा बांबू जाड भिंतीचा, काही ठिकाणी जवळजवळ भरीव असतो. पावसाळ्यात जमिनीतून निघालेला कोंब काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो, परंतु काष्ठ पक्के व्हायला त्याला दोन-तीन वर्षे लागतात. घराच्या वाशांना पक्का बांबू हवा, तर विणीला कोवळा आणि ओला, कारण तोच कोयत्याखाली सरळ चिरतो, त्याच्याच सालीकडील भागातून न तुटता वाकणारा बेळ निघतो. वाळलेला बांबू पाण्यात भिजवून काम चालवता येते, पण पट्टी वळणावर तडकते आणि श्रम वाढतात. कोलामांप्रमाणेच गावोगावच्या बुरुडांना, म्हणजे बाराव्या शतकातील शरण केतय्यांना आपले संत मानणाऱ्या पारंपरिक बांबू कारागिरांना, ही गोष्ट तितकीच ठाऊक आहे.

वनकायद्याशी या कलेचा संघर्ष नेमका कोवळ्या बांबूच्या या गरजेपाशी सुरू होतो, आणि तो आजवर पुरेसा ओळखला गेलेला नाही. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आल्यावर जंगलांचे आरक्षण क्रमाने वाढले, आणि 1886 मध्ये वऱ्हाडसाठी स्वतंत्र वनकायदा लागू झाला. डोंगरउतारावरची फिरती शेती करणाऱ्या कोलामांना त्यामुळे सखल भागात कुळ किंवा मजूर म्हणून उतरावे लागले. 1940 च्या दशकात पैनगंगेपलीकडे, निजामाच्या आदिलाबादमध्ये, मानवशास्त्रज्ञ फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी हीच प्रक्रिया तपशिलाने टिपली. जमीन हातातून गेलेल्या कुटुंबाला टोपली हा रोख पैशाचा वा धान्याचा आधार उरला, परंतु टोपलीचा कच्चा माल त्याच आरक्षित जंगलात होता. 1927 च्या भारतीय वन कायद्याने झाडाच्या व्याख्येत बांबूचा समावेश केला, त्यामुळे तो तोडणे आणि वाहून नेणे या दोन्हींना परवानगी लागू लागली. त्यातच वनशास्त्राचे तोडणीचे नियम असे होते की बेटातील, म्हणजे बांबूच्या पुंजक्यातील, एका वर्षाच्या आतील बांबू तोडू नये, पक्के बांबू ठराविक संख्येने राखावेत, आणि एकाच बेटात तीन-चार वर्षांनीच तोडणी करावी. बेट टिकवण्याच्या दृष्टीने हे नियम शहाणपणाचेच आहेत. पण त्यांतून वनखात्याच्या डेपोवर जो माल येई, तो पक्का, एकगठ्ठा आणि अनेकदा वाळलेला असे. विणणाऱ्याला हवे असलेले ओले, कोवळे पाच-सात बांबू या व्यवस्थेत बसतच नव्हते.

त्यानंतर कागद गिरण्या आल्या. बल्लारपूरची गिरणी, जिची कंपनी 1945 मध्ये स्थापन झाली, चंद्रपूर भागातील बांबूवर वाढली. कर्नाटकात बुरुडांनी बांबू मिळत नसल्याची तक्रार केल्यावर 1970 च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी केलेला अभ्यास या बाबतीत मोलाचा आहे: गिरणीला टनामागे दीड रुपया इतक्या नाममात्र दराने बांबू दिला जात होता, आणि गिरणीची माणसे बेटाच्या बुंध्याशी असलेले काटेरी आवरण साफ करत असल्याने नवे कोंब गुरांच्या तोंडी पडत होते. गावकरी मात्र ते आवरण राखत असत. राज्यांनी कारागिरांना सवलतीच्या दराने बांबू देण्याच्या योजना पुढे आणल्या, पण नोंदणीकृत बुरूड ही ओळख ज्यांच्याकडे नव्हती, त्या पोडावरच्या कोलामांपर्यंत अशा योजना पोहोचणे अवघडच होते.

महाराष्ट्रातील कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कोलामांचाही समावेश केंद्र सरकारने अतिदुर्बल आदिम गटांत केला, परंतु विणीच्या दृष्टीने खरा बदल 2006 च्या वनहक्क कायद्याने आला, कारण त्याने बांबूला गौण वनोपज ठरवून त्यावरील मालकी ग्रामसभेच्या हाती दिली. गडचिरोलीतील मेंढा-लेखा ग्रामसभेला एप्रिल 2011 मध्ये बांबू वाहतुकीचा स्वतःचा परवाना देण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा ही तरतूद प्रथमच व्यवहारात उतरली; 2017 मध्ये जंगलाबाहेर वाढणारा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळण्यात आला. बहुतेक ग्रामसभांच्या बांबू व्यवहारात मात्र लक्ष राहिले आहे ते लिलावात मिळणाऱ्या रकमेवर. झरी जामणीसारख्या तालुक्यात, जेथे सूप विणू शकणारे हात अजून आहेत, ग्रामसभेच्या व्यवस्थापन आराखड्यात गावाजवळची काही बेटे विणकामासाठी वेगळी राखून त्यांतून दर हंगामात थोडा कोवळा बांबू काढण्याची मुभा लिहिता येते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, कोणत्या बेटातला कोणता बांबू कोणत्या महिन्यात चिरतो हे सांगणाऱ्या विणकरांना आराखडा करताना बैठकीत बोलावावे लागते.