शेवटच्या वाक्यातली शंका

मेंदू आठवण साठवतो कशी, याचा इतिहास वाचताना एक गंमत सापडली. या विषयातला एक अतिशय गाजलेला शोधनिबंध चक्क शंकेवर संपतो!

सुरुवात करू १९५३ पासून. अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाला फिट्स यायच्या. त्या थांबाव्यात म्हणून डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढून टाकला. फिट्स कमी झाल्या, पण नवीन आठवणी तयार होणंच थांबलं. २००८ मध्ये तो वारला, तोपर्यंत हीच अवस्था. थोडक्यात काय, तर जागा कळली. यंत्रणा कळायची होती.

१९६६ मध्ये ऑस्लोत टेर्ये लोमो सशांच्या हिप्पोकॅम्पसला विजेचे भराभर धक्के देऊन बघत होते. त्यानंतर तिथल्या पेशींचा प्रतिसाद बराच वेळ वाढलेलाच राहतो, असं त्यांना दिसलं. पुढे टिम ब्लिस त्यांना येऊन मिळाले आणि १९७३ मध्ये दोघांचा निबंध आला. १८ पैकी १५ सशांमध्ये ही वाढ ३० मिनिटांपासून १० तासांपर्यंत टिकली होती. म्हणजे दोन पेशींमधला सांधा, ज्याला सायनॅप्स म्हणतात, तो वापराने बळकट होतो. आता कुणीही 'आठवणीचं रहस्य उलगडलं' असं ठोकून दिलं असतं! या दोघांनी शेवटी लिहिलं, की प्राणी रोजच्या जगण्यात हा गुणधर्म वापरतो की नाही, हा वेगळाच प्रश्न आहे.

हे तपासायचं तर ही बळकटी बंद करणारा स्विच हवा. तो १९८३ मध्ये मिळाला. ग्रॅहम कॉलिंग्रिज आणि सहकाऱ्यांनी एपी५ या रसायनाने पेशींवरचे एनएमडीए रिसेप्टर अडवले. नेहमीचे संदेश जात राहिले, पण सायनॅप्स बळकट होईना. १९८४ मध्ये या रिसेप्टरची करामत कळली. त्याच्या भोकात मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. पलीकडून ग्लुटामेट आलं आणि त्याच वेळी अलीकडची पेशीही उत्तेजित असली, तरच बूच निघतं आणि कॅल्शियम आत शिरतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सरळसरळ अँड गेट! एकत्र काम करणाऱ्या पेशींचं नातं घट्ट होत असावं, हे डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्येच मांडलं होतं. त्याला आता हार्डवेअर मिळालं.

खरी परीक्षा झाली १९८६ मध्ये. रिचर्ड मॉरिस यांनी एपी५ दिलेले उंदीर गढूळ पाण्याच्या टाकीत सोडले. पाण्याखाली एक चौथरा लपवलेला होता. उंदीर पोहत छान होते, पण चौथऱ्याची जागा शिकणं त्यांना जड गेलं. नुसत्या दिसण्यावरून योग्य चौथरा ओळखायचं काम मात्र ते शिकले. म्हणजे नेमकी जागेची आठवणच अडली होती.

झालं ना सिद्ध? थांबा! १९९५ मध्ये मॉरिस यांच्याच गटाला दिसलं, की आधी दुसऱ्या टाकीत सराव झालेले उंदीर एपी५ असूनही नवी जागा जवळपास नीट शिकतात. गेट महत्त्वाचं खरं, पण शिकणं म्हणजे एवढंच गेट नव्हे.

२०१६ मध्ये ब्लिस, कॉलिंग्रिज आणि मॉरिस यांना मिळून ब्रेन प्राइझ मिळालं. 'मेमरी वाढवा' छाप जाहिरात दिसली, की मला मात्र १९७३ चं ते शेवटचं वाक्य आठवतं. पेशीत काय घडतं आणि जगताना काय उपयोगी पडतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरा प्रश्न त्यांनी उघडा ठेवला, म्हणून पुढच्यांना काय तपासायचं ते कळलं.