चहाचा सुगंध आणि हावड्याची बाग

चहा म्हटला की वाफाळलेला पेला डोळ्यांपुढे येतो. मग वैशाखाच्या उकाड्यात अंगाला लावावयाच्या सुगंधाला चहाचे नाव का द्यावे? तरीही हिरव्या चहाच्या नावाची अत्तरे आज उन्हाळ्यात अनेकजण आवर्जून वापरतात. हे कोडे उलगडू गेले असता प्रथम हावड्याला जावे लागते.

कलकत्त्यासमोर, हुगळीच्या पश्चिम तीरावर शिवपूर येथे, रॉबर्ट किड याच्या पुढाकाराने १७८७ साली वनस्पती उद्यान स्थापन झाले. व्यापारास उपयोगी अशी झाडे या देशात रुजवावीत, हा कंपनी सरकारचा हेतू होता. १८३४ मध्ये बेंटिंकने चहासमिती नेमली. गॉर्डन नावाचा अधिकारी चीनला गेला आणि त्याने धाडलेल्या बियांपासून पुढील वर्षी याच उद्यानात सुमारे ४२,००० रोपे तयार झाली. तेथून ती आसाम, कुमाऊं व दक्षिण हिंदुस्थानाकडे रवाना झाली. त्यांतील कितीतरी जगली नाहीत. आसामच्या रानात तर चहा मूळचाच होता. परंतु हिंदी चहाच्या इतिहासाचे एक पान शिवपूरच्या मातीत लिहिले गेले, हे खरे.

कंपनीच्या लेखी ते पान म्हणजे माल होता. चिनी लोकांनी मात्र त्याचा एक गुण फार पूर्वीच हेरला होता. चहाचे पान भोवतालचा गंध सहज शोषून घेते. म्हणून ते रात्रभर चमेलीच्या कळ्यांत ठेवीत. तेथे फूल चहाला सुगंध देई. १९९२ साली याच्या उलट घडले. झाँ-क्लोद एलेना या फ्रेंच गंधकाराने बुल्गारी या पेढीसाठी हिरव्या चहाचे अत्तर रचले. त्यातील चहाचा भास पानांच्या अर्कातून आलेला नव्हता. चमेलीची आठवण देणारे हेडिओन आणि चहाच्या पानातही सूक्ष्म प्रमाणात आढळणारे आयोनोन यांच्या मेळातून तो साधला होता.

असा गंध उन्हाळ्यात रुचतो, याचे कारण साधे आहे. तापलेल्या त्वचेवरून सुगंध लवकर उडतो. जड गंध अशा वेळी कोंदट वाटतो, हलका मात्र सुखावतो. हे ज्ञान आपल्याला नवे नाही. उन्हाळ्यात वाळा आणि हिवाळ्यात हिना, हा अत्तराच्या शौकिनांचा जुनाच शिरस्ता. सुगंधशास्त्राने मराठीतही वस्ती केली होती. ‘गंधवाद’ या ग्रंथाच्या हस्तलिखिताचा व त्यावरील जुन्या मराठी टीकेचा अभ्यास पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी केला, आणि ही विस्मृत विद्या अभ्यासकांपुढे आली.

तेव्हा हिरव्या चहाचे अत्तर परदेशाहून आले, म्हणून ते सर्वस्वी परके ठरत नाही. पान चीनचे, रोपवाटिका हावड्याची, रचना फ्रान्सची. आणि ऋतू पाहून गंध निवडण्याची दृष्टी आपल्या घरचीच.