वनस्पति कीं प्राणी?

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर लिंडिसफार्न नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेथील वाळूंत मधोमध छिद्र असलेल्या दगडाच्या बारीक चकत्या सांपडत. सातव्या शतकांतील संत कथबर्ट हे रात्रीं खडकावर बसून या चकत्या घडवितात, अशी लोकश्रद्धा होती. म्हणून त्यांस ‘संत कथबर्टचे मणी’ असें नांव पडलें व दोऱ्यांत ओंवून त्यांच्या जपमाळा होऊं लागल्या. या मण्यांचा खरा धनी कोण, याचा उलगडा होण्यास मात्र विद्वानांस सुमारें दोन शतकें लागलीं.

जर्मनींतील खनिजशास्त्रज्ञ आग्रिकोला यानें अशा चकत्यांचें वर्णन १५४६ सालीं आपल्या ग्रंथांत केलें. पण त्याच्या दृष्टीनें ते केवळ चमत्कारिक आकाराचे दगड होते. १६७३ सालीं मार्टिन लिस्टर या इंग्रज वैद्यानें त्यांच्यावर निबंध लिहिला, तो ‘वनस्पतींच्या आकाराचे दगड’ म्हणून. चकत्या एकावर एक रचल्या कीं देंठ होई, आणि कांहीं खडकांत त्या देंठावर मिटलेल्या कळीसारखा भागही दिसे. ही एखादी दगड झालेली वनस्पति असावी, असें वाटणें तेव्हां साहजिकच होतें.

पुढें वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटाजवळच्या समुद्रांतून निघालेला एक विलक्षण नमुना पॅरिसला पोंचला. लोक त्यास ‘समुद्रांतील ताडाचें झाड’ म्हणत. १७५५ सालीं ज्याँ एतिएन गेतार या फ्रेंच शास्त्रज्ञानें त्याची बारकाईनें तपासणी केली, आणि हें झाड नसून प्राणी आहे व खडकांतील त्या चकत्या याच्याच जातिबांधवांच्या आहेत, असें दाखविलें. १८२१ सालीं ब्रिस्टल येथील मिलर यानें या वर्गास ‘क्रिनॉइडिया’ हें नांव दिलें. ‘क्रिनॉन’ म्हणजे ग्रीक भाषेंत लिली. वनस्पतित्व गेलें, परंतु फुलाचें नांव कायम राहिलें!

क्रिनॉइड हा तारामाशाचा नातेवाईक. याचें शरीर पेल्यासारखें असून त्याभोंवतीं पांचांच्या हिशेबानें फुटलेले बाहु असतात. तारामाशाचें तोंड खालीं जमिनीकडे, तर याचें वर आकाशाकडे. बाहूंच्या दोहों बाजूंस पिसाप्रमाणें बारीक शाखा असतात. त्यांवरील चिमुकले नलिकापाद वाहत्या पाण्यांतील अन्नकण टिपतात, आणि ते कण बाहूंवरील खांचणींतून वाहत तोंडाशीं येतात. बाहु तुटला तर नवा उगवतो. देंठ चुनखडीच्या चकत्यांचा असतो. प्राणी मेला म्हणजे त्यांस जोडणाऱ्या ऊती कुजतात व चकत्या सुट्या होतात. संताच्या जपमाळेचे मणी ते हेच.

तथापि याहून मोठें आश्चर्य पुढेंच होतें. १८२३ सालीं आयर्लंडमधील कॉर्कच्या खाडींत जॉन व्हॉन टॉम्सन या लष्करी शल्यवैद्यास एक इंचाहूनही आंखूड असा देंठाचा क्रिनॉइड मिळाला. ही एक स्वतंत्र जात आहे, असें त्यास प्रथम वाटलें. पण निरीक्षण चालूं ठेवल्यावर, १८३६ सालीं, त्यानें आपलीच चूक सुधारली. तें एका बिनदेंठाच्या, पोहणाऱ्या ‘पिच्छतारक’ प्राण्याचें पिल्लूं होतें! बालपण देंठावर घालवावयाचें आणि मग देंठ सोडून मोकळें व्हावयाचें, असा त्याचा जीवनक्रम.

त्याच काळांत एडवर्ड फोर्ब्ज या निसर्गशास्त्रज्ञानें १८४१-४२ सालीं एजियन समुद्राचा तळ खरडून पाहिला, आणि सुमारें तीनशें वावांखालीं जीवन नसावें असें अनुमान काढलें. तें बहुतेकांस पटलें. परंतु १८६४ सालीं नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ, सुमारें त्याच खोलीवर, गेऑर्ग सार्स याच्या जाळ्यांत देंठाचा एक जिवंत क्रिनॉइड आला. त्याचे सगोत्र तोंवर खडकांतच पाहिलेले होते. त्याचा पिता मिखाएल सार्स यानें त्याचें सविस्तर वर्णन केलें. तो नमुना पाहून वायव्हिल टॉमसन याच्या मनानें घेतलें कीं खोल समुद्र धुंडाळलाच पाहिजे. १८६९ सालीं ‘पॉर्क्युपाइन’ जहाजानें २४३५ वाव खोलीवरून जिवंत प्राणी वर आणले, आणि १८७२ ते १८७६ या वर्षांत ‘चॅलेंजर’ जहाजानें पृथ्वीवरील महासागर धुंडाळले. मृत मानलेला समुद्रतळ सजीव ठरला, त्याच्या मुळाशीं ही बोटभर ‘लिली’ होती.

देंठाचे क्रिनॉइड तरी जागीं खिळलेले असतील, ही समजूतही पुढें टिकली नाहीं. बहामा बेटांजवळ सुमारें ४०० मीटर खोलीवर पाणबुडींतून घेतलेल्या एका चलच्चित्रांत देंठाचा क्रिनॉइड बाहूंनीं तळावर सरपटतांना दिसला. सेकंदास सुमारें ४ सेंटिमीटर, अशी त्याची गति २००५ सालीं जाहीर झाली. सागरी अर्चिन हा त्यांचा भक्षक असल्यानें, त्याच्यापासून निसटण्याचा हा उपाय असावा, असें शास्त्रज्ञ मानतात.

दगड, वनस्पति, नामशेष, अचल. प्रत्येक विशेषण एकेकाळीं खरें वाटलें, आणि प्रत्येक खोटें ठरलें. तें खोटें ठरलें तें तर्काच्या जोरावर नव्हे, तर कोणीतरी पुनः वांकून नीट पाहिलें म्हणून. पहिलेंच अनुमान अखेरचें मानून टॉम्सन थांबला असता, तर देंठ सोडून निघून गेलेलें तें पिल्लूं आजही एक वेगळी जात म्हणून पुस्तकांत राहिलें असतें.