पोकलेनचा निरोप कुठे अडतो? बिघाडाच्या कोडकडे साधन म्हणून बघताना

जुनं, वापरलेलं पोकलेन मशीन आहे. त्याला कुणीतरी नवीन अटॅचमेंट जोडली, म्हणजे समजा हव्या त्या बाजूला कलणारी-फिरणारी बकेट. किल्ली फिरवली आणि डिस्प्लेवर कोड आला: अटॅचमेंटशी संपर्क नाही. मेकॅनिक विचारणार, कुठं तुटलंय? इतिहास शिकणाऱ्यानं विचारायचं, हा कोड लिहिला कुणी आणि लिहिणाऱ्याला प्रत्यक्षात काय दिसत होतं? मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळले, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न माझ्या वहीत एकाच पानावर असतात. संशोधनाला सुरुवात करताना साधनचिकित्सा हा शब्द फार कोरडा वाटतो. तो समजायला हा बिघाड फार चांगला आहे.

आधी शब्द बघा. पोक्लेन ही फ्रान्सची कंपनी. तिनं पहिलं हायड्रॉलिक खोदणी यंत्र १९५१ मध्ये आणलं. पुढे लार्सन अँड टुब्रोनं त्यांच्या परवान्यानं ही यंत्रं भारतात बनवली आणि कंपनीचं नाव यंत्राच्या जातीलाच चिकटलं. आज धारवाडहून येणारं टाटा-हिताचीही आपल्याकडे पोकलेनच. त्या पिढीच्या यंत्रात सगळा कारभार तेलाचा आणि लोखंडाचा होता. लिव्हर ओढला, व्हॉल्व्ह उघडला, तेल गेलं, बूम उचलला. बिघाड कानाला कळायचा, नाहीतर तेलाचा ओघळ दिसायचा.

अशा यंत्रांशी कोल्हापूरचं जमायला वेळ लागला नाही, कारण उघडून बघायचं आणि आपण करायचं ही इथली जुनी रीत. बाबूराव पेंटर आणि मंडळींनी १९१८ च्या सुमाराला स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. शिवाजी उद्यमनगरातले लेथ, ऑइल इंजिनं, नंतर शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या हे सगळं त्याच वळणाचं. वस्तू हातात आली की तिचं ज्ञानही हातात येतं, असा त्यामागचा विश्वास. हा विश्वास नेमका कुठे लंगडा पडला, हा माझ्या मते या विषयातला खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

त्यासाठी जर्मनीत जावं लागतं. गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स वाढलं, तसं प्रत्येक सेन्सरला स्वतंत्र वायर देता देता वायरिंगचा भारा झाला. बॉश कंपनीनं १९८३ मध्ये यावर काम सुरू केलं. फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या परिषदेत त्यांनी कॅन ही पद्धत मांडली, १९८७ मध्ये इंटेलची चिप आली, १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालं. अमेरिकन अभियंत्यांच्या एसएई संस्थेनं त्यावर जे-१९३९ हा नियमसंच बांधला. तो ट्रकमध्ये रुळला आणि खोदणी यंत्रांतही आला.

कॅन म्हणजे दवंडी. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरी, त्यावर सगळे कंट्रोलर बसलेले. कुणीही बोललं की सगळ्यांना ऐकू जातं, ज्याला गरज तो घेतो. शांत असताना दोन्ही वायरींवर साधारण २.५ व्होल्ट असतात. बोलताना एक ३.५ कडे जाते, दुसरी १.५ कडे उतरते. ऐकणारा फक्त फरक मोजतो. बाहेरचा गोंगाट दोन्ही वायरींवर सारखाच पडतो, म्हणून तो फरकात उरत नाही. (एवढी साधी आणि सुंदर कल्पना अभ्यासक्रमात किती कंटाळवाणी करून शिकवतात!)

आता कोडकडे या. जे-१९३९ मध्ये प्रत्येक बिघाडाला प्रकाराचा एक आकडा असतो. त्यातला ९ म्हणजे निरोप ठरलेल्या वेळेत येत नाही. हे कोण सांगतंय? ज्याला ऐकू आलं नाही तो. म्हणजे कोड ही साक्ष आहे आणि साक्षीदार घटनास्थळी नव्हताच! बोलणारा मेला, वायर तुटली की मधल्या कनेक्टरमध्ये पाणी गेलं, हे त्याला माहीत नाही. आणखी एक गंमत आहे. निरोप पाठवताना चुका होत गेल्या की कंट्रोलर त्या मोजतो आणि मोजणी २५५ च्या पुढे गेली की स्वतःला वाळीत टाकून गप्प बसतो. त्यामुळे गप्प बसलेला कंट्रोलर धडधाकटही असू शकतो. कोड वाचून थेट कंट्रोलर बदलणारा माणूस म्हणजे एका बखरीवर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी.

मग दुसरं साधन शोधायचं. अटॅचमेंटला वीज आणि अर्थिंग नीट पोचतंय का, हे आधी. मग मशीन बंद, बॅटरी तोडलेली, आणि मल्टीमीटर त्या दोन वायरींमध्ये. वाहिनीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, ते समांतर असल्यामुळे मीटरवर ६० दिसायला हवेत. १२० दिसले तर एक टोक हरवलंय किंवा मधे तुटलंय. शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी चिकटल्यात. टोकाचा रेझिस्टर अटॅचमेंटच्या बाजूला असेल, तर ती काढल्याबरोबर वाहिनी उघडी पडते. साठ बरोबर आले तरी विश्वास ठेवू नका. बूम वर-खाली करून, जिथे वायरिंग दुमडतं तिथे हार्नेस हलवून पुन्हा मोजा. आतली तार तुटलेली आणि वरचं आवरण शाबूत, असं तिथेच सापडतं.

वापरलेल्या यंत्रात याच्यावर आणखी थर असतात. आधीच्या मालकानं मारलेला जोड, पीळ सोडवून सरळ ओढलेली वायर, वेगळ्या रंगाची टेप, पिनवरचा हिरवट गंज. ज्या गावांनी २०१९ आणि २०२१ चे पंचगंगेचे पूर पाहिले, तिथे कनेक्टर उघडल्यावर वाळलेला गाळ दिसला तर नवल नाही. पोथीत वेगवेगळ्या हातांची अक्षरं ओळखता, तसे इथे वेगवेगळे हात ओळखावे लागतात.

पण वायर जोडली, साठ ओहम आले, निरोप ऐकूही येऊ लागला, तरी अडतं. कारण जे-१९३९ नं ६५२८० ते ६५५३५ हे निरोप-क्रमांक कंपन्यांना खाजगी वापरासाठी मोकळे ठेवलेत. दवंडी सर्वांना ऐकू येते, पण तिची भाषा एकाच घराला ठाऊक. अटॅचमेंटची ओळखपाळख अशा निरोपांत असेल, तर उघडून बघण्याची कोल्हापुरी रीत तिथे थांबते. कॅमेरा उघडला तर आतलं दातेरी चाक दिसतं. इथे उघडून फक्त आकडे दिसतात, त्यांचा तक्ता कंपनीच्या लॅपटॉपमध्ये. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिनं निवडलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं होती. खोदणी यंत्रांचं वेगळं नाव त्यात नव्हतं. हप्त्यावर जुनं पोकलेन घेतलेल्या माणसासाठी ही बारीकसारीक गोष्ट नाही. मशीन उभं राहिलं तरी हप्ता चालूच राहतो.

यावर काम करायचं असेल, तर अभिलेखागाराच्या आधी भंगारवाल्याकडे जा. तांब्यासाठी हार्नेस जाळतात, आणि तिच्याबरोबर तीस वर्षांचे जोड जातात. हार्नेस मिळाली तर जोडांचे फोटो जागेवरच काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. गॅरेजच्या वह्या मागा. पानावर कोड असेल तर त्याच्या खाली शेवटी काय बदललं, तेही उतरवून घ्या.