गुन्हा रजिस्टर नंबरची कुळकथा

समजा, बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात सौद्यावरून दोघे हमरीतुमरीवर आले आणि एकाने दुसऱ्याच्या कानाखाली वाजवली. मार खाणारा आळेफाटा पोलीस ठाण्यात गेला, तर ठाणे अंमलदार बहुधा अदखलपात्र नोंद करील. हाड मोडले असते, तर गुन्हा दाखल होऊन त्याला रजिस्टर नंबर मिळाला असता. बाजारातच मिटवामिटवी झाली, तर कागदावर काहीच उमटत नाही.

या नंबरचा मूळपुरुष १८६१ सालचा. त्या वर्षीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तोंडी आलेली खबर लिहून काढण्याचे काम पोलिसांवर टाकले. १८८२ च्या संहितेत तेच कलम १५४ झाले. गावात खबर देणारा दुवा होता पाटील. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने त्याची कामे ठरवली. १९६७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने पोलीस पाटील ठेवला, पण घराण्याचा नव्हे, नेमणुकीचा.

देशाची बेरीज सुरू झाली १९५३ पासून, 'क्राइम इन इंडिया' या वार्षिक अहवालाने. १९८६ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाला आणि हे काम त्याच्याकडे गेले. मोजणीचा नियम असा: एका फिर्यादीत अनेक गुन्हे असले, तर सर्वांत जड शिक्षेचा तेवढाच धरायचा. त्यामुळे बलात्कार करून केलेला खून केवळ 'खून' म्हणून मोजला जाई. २०१७ च्या अहवालापासून त्याला वेगळा रकाना मिळाला.

फिर्याद नाकारली, की आकडा आपोआप खाली येतो. 'ललिता कुमारी' खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरवली. १ जुलै २०२४ पासून कलम १५४ ची जागा नव्या संहितेच्या कलम १७३ ने घेतली. आता खबर ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते.

गुन्हे मोजण्याची दुसरी शाखा ठाण्याऐवजी घराच्या उंबऱ्यावर वाढली. अमेरिकेत १९७२ पासून आणि ब्रिटनमध्ये १९८२ पासून घरोघर विचारले जाऊ लागले, 'तुमच्यावर काय गुदरले?' भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण स्त्रियांना घरातल्या मारहाणीबद्दल विचारते. २०१९-२१ च्या फेरीत हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के जणींनी कुणाची तरी मदत मागितली होती. त्यातल्या बहुतेकींनी माहेर गाठले. पोलिसांकडे गेलेल्या फार थोड्या.